चर्चा: दुसऱ्यानं पाहिल्याशिवाय मेनवर (प्रकल्पाच्या मुख्य प्रतीवर) कोड जाऊ द्यावा का?

डिचोलीकर: आम्ही चौघं नोकरी सांभाळून गोव्यातल्या फेरीबोटींच्या वेळा दाखवणारं ॲप लिहितो. गेल्या महिन्यात एकानं थेट मेनवर पुश केलं, म्हणजे कोणाला न दाखवता बदल चढवला. एका कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात) 38 फायली, संदेश काय, तर 'फिक्स'. त्यात वेळ वाचणाऱ्या फंक्शनमधला एएम-पीएम गळला आणि रात्री साडेबाराची फेरी दुपारी दिसू लागली. चोडणला जायला रायबंदरच्या धक्क्यावर ताटकळलेला माणूस शिव्या कोणाला घालणार? माझं म्हणणं: टेस्ट (कोड आपोआप तपासणारा छोटा कोड) नाही तर मर्ज (मेनमध्ये मिसळणं) नाही, आणि ज्यानं लिहिलं त्यानंच मर्ज करायचं नाही.

फोंडेकर: त्या पुशचा धनी मीच. चूक कबूल. पण त्याआधीची माझी पुल रिक्वेस्ट (बदल पाहून मर्ज करा अशी विनंती) नऊ दिवस पडून होती, आणि अभिप्राय आला तो व्हेरिएबलचं नाव बदल म्हणून! गणेशचवथीत तर कोणी फिरकतच नाही. शिवाय रिव्ह्यू (दुसऱ्यानं कोड तपासणं) म्हणजे रामबाण नव्हे. ओपनएसएसएलमधला (इंटरनेटवरचा संवाद सांकेतिक करणाऱ्या कोडसंचातला) हार्टब्लीड नावाचा दोष दुसऱ्यानं तपासूनच आत गेला होता. 2012 च्या आवृत्तीत आला, उघड झाला 2014 मध्ये.

मडगावची: हा दाखला तुझ्यावरच उलटतो. समोरच्या संगणकानं सांगितलेल्या संदेशाच्या लांबीवर विसंबून मेमरी वाचली, एवढीच ती चूक. खोटी लांबी पाठवणारी एक टेस्ट असती तर तिथंच पकडली असती. म्हणून आधी टेस्ट, मग माणसाचे डोळे. स्पेस आणि कंसांवरून मात्र भांडू नका, ते फॉर्मॅटरला (कोडची मांडणी आपोआप नीट करणाऱ्या साधनाला) करू द्या.

फोंडेकर: टेस्ट मान्य. पण 38 फायलींचे 38 कमिट करत बसू?

डिचोलीकर: फायली कशाला मोजतोस? एका कमिटमध्ये एक काम, मग फायली कितीही असोत. चूक शोधायला मी गिट बायसेक्ट (बिघाड कुठल्या कमिटमध्ये आला ते शोधणारी आज्ञा) लावलं. दर खेपेला निम्मा इतिहास बाद होतो, हजार कमिट असले तरी दहाएक खेपांत नेमका सापडतो. सापडलाही, तुझा 'फिक्स'. पण त्यात फंक्शनांची नावं बदललेली, बटणांचा रंग बदललेला आणि कुठंतरी मध्येच ते वेळेचं प्रकरण. रिव्हर्ट करावं (तो कमिट मागे घ्यावा) तर रंगही जातो! दोन तास ओळ न् ओळ वाचत बसलो.

फोंडेकर: बरं बाबा. कमिट लहान करतो, साडेबाराची टेस्टही मीच लिहितो. पण दोन दिवसांत कोणी पाहिलं नाही तर मर्ज करणार.

मडगावची: टेस्ट हिरव्या (पास) असतील तर माझी हरकत नाही.

डिचोलीकर: माझी आहे. रंगाबिंगाचं चालेल, वेळापत्रकाचा कोड नाही.