विष येते आहारातून
लाल रंगाचा स्ट्रॉबेरी बेडूक स्वतःच विष तयार करतो, असे म्हटले जाते. पण ते बरोबर नाही. मध्य अमेरिकेत निकाराग्वा ते पनामाच्या वर्षावनांत राहणाऱ्या या जेमतेम २ सेंटिमीटर लांबीच्या जिवाच्या त्वचेतले विष मुख्यतः त्याने खाल्लेल्या सूक्ष्म माइट्स (कोळ्यांच्या वर्गातले जीव) आणि मुंग्यांतून येते. मादीचे संगोपन तर थक्क करणारे आहे. ब्रोमेलियाडच्या (अननसाच्या कुळातल्या वनस्पतीच्या) पानांच्या बेचक्यात साचलेल्या पाण्यात ती एकेक पिल्लू पाठीवरून नेऊन सोडते, अधूनमधून तिथे परतते आणि पिल्लू शरीर ताठ करून थरथरले, की त्याला खायला अफलित अंडी घालते. सोलापुरात पावसाळ्याच्या आरंभी डबक्यांत भरमसाट अंडी घालून निघून जाणारे बेडूक पाहिलेल्यांना हे विशेष वाटेल. स्ट्रॉबेरी बेडकाच्या मादीच्या या अफलित अंड्यांतूनच पिल्लाला सुरुवातीचे विषही मिळते.