मदत हवी आहे : मायक्रोवेव्ह झोतावरून आयनचा वेग, उत्तर जुळून नाही राहिलं

वणीचा_पोट्टा :
उद्या सेमिनार हाये. फ्यूजन प्लाझ्मात, म्हंजे आयन अन् इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या तापलेल्या वायूत, 105 गिगाहर्ट्झचा मायक्रोवेव्ह झोत सोडला, आयनचा वेग सेकंदाला 10 लाख मीटर. डॉप्लरचा नियम (हलत्या वस्तूवरून आलेल्या लहरीची वारंवारता बदलते, तो) लावला तर वारंवारता 350 मेगाहर्ट्झनं सरकते. नोट्समध्ये 495 लिहिलंय. वरचे 145 कुठून आले? लवकर सांगा ना बाप्पा, लाइन जायच्या आत.

संत्रावाला_काटोल :
हायवेवरच्या स्पीडगनसारखं दुप्पट धर. 700 यायला पाहिजे. नोट्स फेकून दे.

प्लाझ्माताई :
700 फक्त झोत सरळ उलटा फिरला तर. पोट्ट्या, विखुरताना झोत किती कोनात वळतो? रिसीव्हर कुठून बघतोय?

गुरुजी_आर्वी :
मूळ प्रश्न वेगळाच आहे. आयन एवढा जड, तो काय मायक्रोवेव्ह विखुरणार? विखुरतात इलेक्ट्रॉन. 1969 मध्ये ब्रिटिश चमूने मॉस्कोत टी-3 टोकामॅकवर (चुंबकाने प्लाझ्मा धरून ठेवणाऱ्या यंत्रावर) लेझरने इलेक्ट्रॉनचंच तापमान मोजलं होतं.

प्लाझ्माताई :
गुरुजी, ते लेझर. तरंगलांबी इवलीशी, म्हणून सुटे इलेक्ट्रॉन दिसतात. इथे ती जवळपास 3 मिलिमीटर, डिबाय लांबीच्या, म्हणजे प्लाझ्मात एका आयनचा प्रभाव जिथवर पोचतो त्या अंतराच्या, कितीतरी पट. मग आयनभोवतीचा इलेक्ट्रॉनांचा घोळका एकत्रच विखुरतो, आणि तो आयनच्याच चालीने चालतो.

गुरुजी_आर्वी :
म्हणजे विखुरले इलेक्ट्रॉनच. मी तेच म्हणालो.

शेतकरी_पुत्र :
गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत अर्ज टाक भाऊ. अन् फ्यूजन आलं की ओलिताले दिवसा लाइन भेटन काय?

वणीचा_पोट्टा :
अर्ज कायचा, उद्या सेमिनार हाये! कोन 90 अंश. आकृतीत तर हाये तो.

प्लाझ्माताई :
आकृती आम्हाला कुठे दिसते? 90 च्या निम्मे 45. त्याच्या साइनची दुप्पट 1.414, गुणिले 350, झाले 495. पण सरांना नीट सांग, हा आयनचा पूर्ण वेग नव्हे. येणाऱ्या आणि विखुरलेल्या लहरींच्या वेव्ह व्हेक्टरमधला (लहरीची दिशा आणि दाटी दाखवणाऱ्या बाणांमधला) जो फरक, त्या दिशेपुरताच घटक. आणि प्रत्यक्षात एक रेघ सरकत नाही. सगळे आयन मिळून पसरट स्पेक्ट्रम देतात, वेगांची वाटणी त्यातून काढायची.

वणीचा_पोट्टा :
जमलं ताई! पण जायरोट्रॉनचा, म्हंजे मायक्रोवेव्ह सोडणाऱ्या यंत्राचा, मूळ झोतच रिसीव्हरमध्ये घुसला तर?

प्लाझ्माताई :
त्याची वारंवारता नॉच फिल्टरने अडवतात. प्लाझ्मा स्वतःही मायक्रोवेव्ह फेकतो, म्हणून जायरोट्रॉन चालू-बंद करत बंद वेळेचं वजा करतात. सर हेच विचारतील, बघ.

संत्रावाला_काटोल :
म्हणजे 180 अंशाला माझे 700 बरोबरच होते ना?