मदत हवी आहे: पासपोर्टची पानं संपत आली, मुदत 2030 पर्यंत

हळदपेठ_सांगली: मुदत आहे, पानं नाहीत. पुढच्या महिन्यात जायचंय. जोडपुस्तिका मिळते की नवाच काढायचा? लवकर सांगा.

पेठनाका: कुठं जायचंय? पूर्ण कोरी पानं किती? आत चालू व्हिसा? पत्ता तोच आहे का?

कृष्णाकाठ: मिळते की. जुन्याला जोडून देतात.

पेठनाका: ते केव्हाच बंद झालं. आता थेट रि-इश्यू, म्हणजे जुन्याऐवजी नवी पुस्तिका, नंबरही नवा. फॉर्ममध्ये 60 पानी निवडा. 36 पानीला 1500, 60 पानीला 2000. वरच्या 500 साठी सतत फिरणाऱ्यानं कंजुषी करू नये. तत्काळचे 2000 वेगळे. आजच भरा.

हळदपेठ_सांगली: कोरी तीन. आधी जर्मनी, मग दुबई. दुबईचा ई-व्हिसा निघालाय. अमेरिकेचाही आहे आत, तो जाणार का?

अजिंक्यतारा: अमेरिकेचा जात नाही. जुना रद्द करून परत देतात, दोन्ही सोबत ठेवायचे. फक्त कोपरा कापताना व्हिसाच्या पानाला कात्री लागू देऊ नका, काउंटरवर आधीच दाखवा. दुबईचा ई-व्हिसा मात्र पासपोर्ट नंबरवर असतो. नंबर बदलला की नवा काढा. जर्मनीची अपॉइंटमेंट घेतलीय का?

हळदपेठ_सांगली: सोमवारी, मुंबईला. आणि पत्ता मिरजेचा आहे, आता सांगलीत विश्रामबागला राहतो. त्यानं काय फरक पडतो?

अजिंक्यतारा: सगळा फरक पडतो! आत्ता रि-इश्यूला हात लावू नका. शेंगेनला (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाला) दोन कोरी पानं लागतात, तुमच्याकडे तीन. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला आणि परतीनंतर तीन महिने चालणारा हवा, तेही बसतंय. दुबईला सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते, त्याचाही प्रश्न नाही. पत्त्याचं शेवटचं पान मात्र कोऱ्यात मोजू नका. व्हिसाचं स्टिकर एक पान खाईल. युरोपात 12 ऑक्टोबर 2025 पासून शिक्क्यांऐवजी संगणकी नोंद सुरू झालीय. दुबईचे शिक्के उरलेल्यात मावतील.

पेठनाका: तत्काळमध्ये तिसऱ्या कामाच्या दिवशी निघतो. उगाच घाबरवता.

अजिंक्यतारा: निघतो, पण कागद बरोबर असतील तर. आधारवर मिरजच असेल तर काउंटरवरच अडेल. शिवाय स्पीड पोस्टनं येतो, पोस्टमन ज्याचा त्याच्याच हातात देतो. आणि जर्मनीच्या फॉर्मवर जुना नंबर आहे. हे सगळं सोमवारच्या आत?

माहुली_फाटा: विमानतळावरच्या फास्ट ट्रॅक इमिग्रेशनला (पासपोर्ट तपासणीच्या झटपट रांगेला) नोंदणी करा. 22 जून 2024 ला दिल्लीत सुरू झालं, आता मुंबईलाही आहे. रांग वाचते.

पेठनाका: त्यानं पानं वाढतात का? बरं, परत आल्यावर तरी काढा. आधी आधार बदला, मग फॉर्ममध्ये पानं संपली आणि पत्ता बदलला अशी दोन्ही कारणं टाका. पोलीस पडताळणी धरूनच चाला, विश्रामबागला घरी सापडा म्हणजे झालं. पुणे पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीतलं कुठलंही केंद्र चालतं. सांगलीत तारीख लांबची असेल तर पुण्यातलं मुंढवा बघा.

कृष्णाकाठ: मुंढव्याला जाणार असाल तर पहाटेच निघा. खंबाटकी घाटात अडकलात की अपॉइंटमेंट गेली. मी तर म्हणतो एजंट गाठा.

पेठनाका: एजंट कशाला? फोटो अन् बोटांचे ठसे द्यायला स्वतःच जावं लागतं.

हळदपेठ_सांगली: बरं, आल्यावर करतो. जुन्याच्या झेरॉक्स कुठल्या पानांच्या?

अजिंक्यतारा: पहिली दोन, शेवटची दोन, सही करून. मूळ पासपोर्टही न्या.

हळदपेठ_सांगली: रंगीत लागतात का?

पेठनाका: साध्या चालतात.