ड्रेस्डेनमधील पुढच्या दिवसांसाठी मदत हवी आहे

नमस्कार. मी आणि माझे यजमान सध्या सुट्टीसाठी जर्मनीतील ड्रेस्डेन येथे आलो असून, सुरुवातीचे दिवस आम्ही एल्ब नदीकाठचा जुना भाग पायी पाहण्यात घालवले. फेब्रुवारी १९४५ मधील बॉम्बवर्षावानंतर कोसळलेले आणि पुनर्बांधणीनंतर २००५ मध्ये पुन्हा खुले झालेले फ्राउएनकिर्खे हे चर्च पाहताना, फिकट नव्या दगडांमध्ये जागोजागी बसवलेले जुने काळवंडलेले दगड इतके स्पष्ट उठून दिसतात की तिथून आमचा पाय निघेना. माइसेनच्या पोर्सेलीन फरशांनी मढवलेली फ्युर्स्टेनत्सुग ही सुमारे १०२ मीटर लांबीची भिंतही आम्ही पाहिली.

आता अडचण अशी की, ज्या चित्रसंग्रहालयात राफाएलची ‘सिस्टिन मॅडोना’ आहे ते सोमवारी बंद असते, तर राजवाड्यातील ग्रीन व्हॉल्ट हे रत्नसंग्रहालय मंगळवारी. ही दोन्ही एकाच दिवशी निवांतपणे पाहून होतील का? माझ्या मते घाई करू नये, पण अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

दुसरे म्हणजे, बास्टाय या एल्बकाठच्या उंच खडकांवरील दगडी पूल पाहायचा आहे. लोकलने राटेनला उतरून, नावेने एल्ब ओलांडून वर चढावे लागते, आणि यजमानांना गुडघेदुखीचा त्रास आहे. पिर्नाहून बसने वर गेल्यास पुलापर्यंतची वाट सपाट आहे का, की तिथेही पायऱ्या लागतात?

अंडेही न खाणाऱ्यांसाठी जुन्या शहरात जेवणाची सोय कुठे आहे, तेही कृपया कळवावे.