थिकनरमधला 'बेड': तळ, गाळ की साका?

खनिज धुण्याच्या प्लांटमधल्या ऑपरेटरांसाठी मराठी पत्रक करतोय. थिकनरमध्ये, म्हणजे पाण्यातले घन कण खाली बसवून वेगळे करणाऱ्या मोठ्या गोल टाकीत, खाली बसलेल्या थराची उंची, म्हणजे 'बेड लेव्हल', हिला काय म्हणावं? जुन्या पत्रकात 'तळपातळी' छापलंय. परवा एका नव्या पोराने विचारलं, "साहेब, तळ तर सिमेंटचा, तो वर कसा येणार?"

— पोरगं बरोबर आहे. 'गाळ' लिहा, कुणालाही कळेल.

— कळेल, पण गाळ उपसून टाकायचा असतो, विहिरीतला, धरणातला. थिकनरच्या खालून कधी टेलिंग (टाकाऊ चुरा) निघतं, कधी चक्क कॉन्संट्रेट (वेगळं काढलेलं खनिज). विकायच्या मालाला गाळ कसं म्हणू? माझं मत 'साका'ला. कुरडयांसाठी भिजवलेला गहू वाटून, गाळून आई रात्रभर ठेवायची. सकाळी पातेलं न हलवता वरची निवळी ओतायची. पांढरा साका धारेत येतोसा दिसला की हात थांबायचा. थिकनरचं काम तेच, फक्त अखंड: निवळी काठावरून, साका मधल्या खोलगटातून पंपाकडे. अखंड चालणारा थिकनर जॉन डॉर या इंजिनिअरने अमेरिकेत 1905 च्या सुमारास केला. त्याआधी टाकी भरा, निवळू द्या, रिकामी करा, असंच चालायचं.

— आमच्याकडे त्याला चीक म्हणतात. असो.

— साका चालेल, पण मधला पट्टा विसरलात. निवळी आणि साका यांच्यामध्ये गढूळ थर असतो, त्यातले फ्लॉक (कणांचे पुंजके) अजून खाली उतरत असतात. अल्ट्रासॉनिक सेन्सर कधीकधी त्यालाच साका समजतो. आमच्याकडे एकदा स्क्रीनवर अडीच मीटर, आणि पारदर्शक नळी बुडवून पाहिलं तर साका जेमतेम दीड. तोवर ऑपरेटरने अंडरफ्लोचा (खालून साका ओढणारा) पंप वाढवलेला. खालून पातळ पाणीच जात होतं. म्हणून दोन शब्द हवेत: गढूळरेषा आणि साकारेषा.

— मग तळाशी प्रेशर ट्रान्समीटर लावा की!

— तो वरचं वजन सांगेल, रेषा नाही. आणि क्रियापदंही वेगळी ठेवा. साका 'चढतो' आणि साका 'घट्ट होतो', या दोन गोष्टी आहेत. रेकचा (तळावरून फिरत साका मध्याकडे ओढणाऱ्या दात्याचा) टॉर्क, म्हणजे त्याला फिरवायला लागणारा जोर, दोन्हींत वाढतो, त्यामुळे नुसता टॉर्क पाहून 'साका चढला' असं लॉगबुकात लिहू नये.

— ठरलं, 'साक्याची उंची'. मोजायची कुठून? सेन्सर तर पाण्यावरून खाली मोजतो.

— तळ उतरता आहे, मध्ये खोल, कडेला उथळ. 'सेन्सरच्या बरोबर खालच्या तळापासून' असं लिहा. तिथे 'तळ' चालेल, तो सिमेंटचाच आहे.