दुबईत सोनं घेताना

ताई, तुम्ही विचारलंय की पाच दिवसांसाठी दुबईला चाललोय, देरा भागातल्या गोल्ड सूकमधून, म्हणजे सोन्याच्या बाजारातून, बांगड्या घेतल्या तर सोनं खरं निघेल ना. दुकानातल्या सोन्याची फारशी काळजी करू नका, तिथे तपासणी कडक असते, पण गल्लीत हळूच जवळ येऊन स्वस्तात देतो म्हणणाऱ्यांकडे ढुंकूनही बघू नका.

बांगडीच्या आतल्या बाजूचा शिक्का मात्र स्वतः वाचा, ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ८७५ म्हणजे २१ कॅरेट. अरबी डिझाइनचे बरेच दागिने २१ चे असतात आणि आपल्याकडच्या बायका ते २२ समजून घेतात, मग इथे मोडायला गेलं की भाव कमी येतो आणि वाटतं फसवलं! सोन्याचा रेट सगळीकडे जवळपास सारखाच, घासाघीस करायची ती मजुरीवर, आणि ती अगदी बिनधास्त करा. खडे असतील तर त्यांचं वजन वजा करून बिलात निव्वळ वजन, कॅरेट, मजुरी सगळं वेगळं लिहून घ्या. दागिन्यांवर ५ टक्के व्हॅट लागतो, बिल करतानाच टुरिस्ट रिफंडसाठी पासपोर्ट दाखवा म्हणजे विमानतळावर त्यातला बराचसा परत मिळतो.

आणि हो, कस्टम्स! बायकांना ४० ग्रॅम ड्युटी फ्री असं जे सगळे सांगतात ते वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्यांसाठी आहे, सहलीला गेलेल्यांसाठी नाही. त्यामुळे येताना विमानतळावर रेड चॅनलला, म्हणजे ड्युटी लागणारं सामान जाहीर करतात त्या रांगेत जाऊन बिल दाखवा, आणि इथल्या भावाशी तुलना करताना ती ड्युटी धरूनच करा. परत आल्यावर शंका वाटलीच तर बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) मान्यताप्राप्त हॉलमार्किंग सेंटरवर थोडी फी भरून शुद्धता तपासून मिळते.