आईबाबांना घेऊन बर्रेनला जायचंय, गाडी नाही. बॅलिव्हॉनमध्ये राहावं का?

लिफीकाठचा:
नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या शेवटी आईबाबा डब्लिनला येतायत, व्हिजा हातात आलाय. ऑफिसमधले सगळे म्हणतात एका दिवसाची बस टूर कर, क्लिफ्स ऑफ मोहर बघा आणि रात्री घरी परत. पण बाबा रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर, त्यांना दगड दिसला की थांबायचं असतं, आणि आईला झाडाफुलांचं वेड, त्यामुळे काउंटी क्लेअरमधल्या बर्रेन भागात बॅलिव्हॉन म्हणून एक गाव आहे तिथे दोन रात्री राहावं असं डोक्यात आहे. अडचण अशी की मला इथे येऊन वर्ष उलटून गेलं, म्हणजे भारतातल्या लायसन्सवर मी आता चालवू शकत नाही, लर्नर परमिटवर लटकलोय. आईचे गुडघे दुखतात आणि ती पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. एवढ्याशा गावात दोन दिवस करणार काय, बस मिळते का, की आम्ही तिथे अडकून पडू? कुणी राहिलं असेल तर प्लीज सांगा.

रानवाटा:
राहाच. टूरवाले बर्रेनमधून नेतात पण पौलनब्रोनच्या प्राचीन दगडी थडग्याला किंवा किनाऱ्यावर जरा वेळ फोटोला सोडतात आणि लगेच चला चला, मोहरची वेळ गाठायचीय. बाबांना दगड आवडत असतील तर तो अन्याय आहे हो.

बसचं सांगते. डब्लिन ह्यूस्टनहून गॉलवेपर्यंत ट्रेन, अडीच तासांच्या आसपास, स्टेशनला लागूनच बस स्टँड आहे, तिथून बस एरन या सरकारी बस कंपनीची 350 नंबर पकडा. ती किनव्हारा, बॅलिव्हॉन, मग लिस्डूनवार्ना, डूलिन, मोहरचे कडे असं करत एनिसला जाते. म्हणजे बॅलिव्हॉनमध्ये राहून मोहरसुद्धा त्याच बसने होतं, टूरची गरजच नाही. बस दर तासाला वगैरे नसते, दिवसातून मोजक्याच फेऱ्या, त्यामुळे दिवसाचा प्लॅन टाइमटेबल समोर ठेवूनच करायचा.

बॅलिव्हॉन म्हणजे काय तर गॉलवे बेच्या कडेला एक धक्का, चार-दोन पब, दुकान, आणि मागे पायऱ्या-पायऱ्यांचे राखाडी डोंगर. लांबून वाटतं डोंगरांवर सिमेंट ओतलंय. जवळ जाऊन बघाल तर सगळा चुनखडक, सुमारे 33 कोटी वर्षांपूर्वी उथळ गरम समुद्राच्या तळाशी साठलेला, पायाखाली प्रवाळांचे जीवाश्म दिसतात. मग हिमयुगात बर्फाने वरून खरवडून काढला आणि जाताना लांबून आणलेले मोठमोठे धोंडे वर तसेच टाकून गेला. बाबा तिथून हलणार नाहीत, लिहून ठेवा.

गुडघ्यांसाठी मात्र सावध. खडकाला खोल फटी असतात, काही ठिकाणी अख्खा पाय जाईल एवढ्या, आणि पाऊस पडला की पृष्ठभाग गुळगुळीत. आईंना डोंगरावर नेऊ नका, न्यू क्वेजवळचा फ्लॅगी शोअर करा, समुद्राकडेने सपाट रस्ता आहे. जवळच कॉर्कमरो ॲबी म्हणजे जुना मठ आहे, 13 व्या शतकाच्या सुरुवातीची सिस्टर्शियन साधूंची, छप्पर अर्धं गेलेलं पण आतलं कोरीवकाम बघण्यासारखं, तिकीट नाही काही नाही. ही दोन्ही ठिकाणं बसच्या रस्त्यापासून आत आहेत, तेवढ्यासाठी टॅक्सी करावी लागेल.

खडूस_खेकडा:
रानवाटा ताई छान लिहितात पण गाडीशिवाय बर्रेन म्हणजे बाहेरूनच नमस्कार. पौलनब्रोन, ऐलवीची गुहा, काहेरकॉनेलचा दगडी कोट, कॅरन, काहीच 350 च्या वाटेवर नाही, ते सगळं आतल्या बाजूला.

आणि धाग्यात कुणी बोललं नाही म्हणून सांगतो, तुमच्या बाबांना चालवता येईल की! इथे राहायला आलेल्याला वर्षभरानंतर बंद, पण फिरायला आलेल्या पाहुण्याला स्वतःच्या देशाचं चालू लायसन्स चालतं. तुम्ही नेव्हिगेटर व्हा. गाडी भाड्याने देणाऱ्यांची वयाची वरची मर्यादा असते आणि ती प्रत्येकाची वेगळी, ते आधी विचारा, आणि ऑटोमॅटिक हवी असेल तर आत्ताच बुक करा, मे संपत आला की मिळत नाहीत आणि मिळाल्या तर भाव ऐकून घाम फुटतो.

बर्रेनमधला_बाब्या:
मी कामानिमित्त एनिसला राहतो, नावावर जाऊ नका. खेकडासाहेबांचं लायसन्सचं बरोबर आहे पण मी असतो तर बाबांना पहिल्याच आठवड्यात त्या रस्त्यांवर बसवलं नसतं. डाव्या बाजूने चालवायचं एवढं सोडलं तर काही ओळखीचं नाही. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, मध्ये एकच गाडी मावेल एवढा रस्ता, मध्यभागी गवत उगवलेलं, समोरून ट्रॅक्टर आला की कुणीतरी मागे जायचं, आणि मागे जाणारे बहुतेक तुम्हीच. गावाकडच्या लोकल रस्त्यांचा डिफॉल्ट स्पीड लिमिट फेब्रुवारी 2025 पासून 80 चा 60 झालाय, तरी काही ठिकाणी 40 सुद्धा जास्त वाटतो. समोरचा ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट वर करेल, ओळख नसली तरी. तुम्हीही करायचं.

त्यापेक्षा असं करा. बी अँड बीच्या मालकीणबाईंना आधीच ईमेल टाका की अर्ध्या दिवसासाठी टॅक्सी ठरवून द्याल का. तिघांत भाडं वाटलं गेलं की गाडी, इन्शुरन्स, पेट्रोल सगळं धरून फार फरक पडत नाही, डोक्याला ताप नाही. त्या अर्ध्या दिवसात ऐलवी, पौलनब्रोन आणि जमलं तर किल्फेनोरा. ऐलवीची गुहा एका शेतकऱ्याला 1940 मध्ये सापडली, कुत्रा बिळात शिरला म्हणून हा मागे गेला, आणि पठ्ठ्याने कित्येक वर्षं फारसं कुणाला सांगितलंच नाही. पौलनब्रोन म्हणजे उभ्या शिळांवर एक मोठी शिळा आडवी, पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं थडगं. 1980 च्या दशकात खोदकाम झालं तेव्हा तिशीच्या वर माणसांचे अवशेष निघाले, मोठी माणसं, लहान मुलं सगळी. पार्किंगपासून जवळ आहे पण शेवटचा भाग उघडा खडक आहे, आईंना काठी द्या. किल्फेनोरात मोडक्या कॅथेड्रलमध्ये काचेच्या छपराखाली जुने कोरीव क्रॉस आहेत. तिथली एक गंमत, त्या जुन्या धर्मप्रांताचा बिशप तांत्रिकदृष्ट्या स्वतः पोप आहे असं म्हणतात.

आता आईंसाठी फुलांचं. क्रॉमवेलच्या सैन्यातल्या लडलो नावाच्या अधिकाऱ्याने 1651 च्या सुमारास या भागाबद्दल लिहून ठेवलंय की इथे माणूस बुडवायला पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही, पुरायला माती नाही. हे सगळीकडे सांगतात. पण पुढचं कमी सांगतात, की तरीही इथली गुरं चांगली धष्टपुष्ट आहेत! आणि खरी गोष्ट तिथे आहे. इतर ठिकाणी गुरं उन्हाळ्यात डोंगरावर नेतात, इथे उलटं, हिवाळ्यात वर चढवतात. चुनखडक उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतो, पाणी फटींतून खाली निघून जातं म्हणून जमीन कोरडी राहते, गुरांना चिखलात उभं राहावं लागत नाही. ती हिवाळाभर दांडगं गवत खाऊन टाकतात आणि वसंत लागला की खाली उतरतात, मग नाजूक फुलांना जागा आणि ऊन मिळतं. गुरं बंद केली की हेझलची झुडपं सगळं गिळतात. म्हणजे हे जंगली वगैरे काही नाही, शेतकऱ्यांनी राखलेलं रान आहे. स्प्रिंग जेन्शन म्हणून एक गडद निळं फूल आहे, बोटाच्या पेराएवढं, मेमध्येच बघायचं, तुम्ही अगदी शेवटी जाताय तर थोडी उरलेली मिळतील. माउंटन ॲव्हन्सची पांढरी फुलं आणि ऑर्किडं नक्की. आर्क्टिककडची झाडं आणि भूमध्य समुद्राकडची झाडं शेजारी शेजारी उगवतात, वनस्पतीवाले त्यासाठीच येतात.

तोडायचं काही नाही. आणि कृपा करून दगडांचे छोटे मनोरे रचत बसू नका, फोटोसाठी लोक सुटे दगड उपसतात, शेतकरी वैतागलेत. गेट जसं होतं तसं ठेवायचं, उघडं तर उघडं. गवतात गोचीड असतात, फुल पँट घाला आणि रात्री पाय तपासा.

रानवाटा:
वा बाब्या, भिंतींचं आणि गुरांचं मला माहीत नव्हतं. लिफीकाठचा, जेवणाचं राहिलं. आईंचं बुकिंग करतानाच सांगा. आयरिश ब्रेकफास्टमध्ये पुडिंग असतं ते गोड नव्हे, काळ्यात चक्क रक्त असतं. टोस्ट, पॉरिज, बीन्स, मशरूम, टोमॅटो एवढ्यावर सकाळ छान निघते, बीन्समध्ये सॉसेज नाही ना तेवढं विचारा. पबमध्ये सूप व्हेजिटेबल लिहिलेलं असलं तरी स्टॉक चिकनचा असतो बरेचदा, विचारायला लाजू नका. गोट चीज इथलं चांगलं मिळतं, पण प्राण्यांच्या जठरातलं रेनेट वापरतात का ते बघा आई तेवढ्या काटेकोर असतील तर. मी सरळ थेपले आणि चिवडा नेते. पबचं किचन संध्याकाळी लवकर बंद होतं, आणि मेअखेर बाहेर रात्री दहापर्यंत उजेड असतो म्हणून वेळेचं भानच राहत नाही, आठ वाजले की जेवायला बसलेले असा.

खडूस_खेकडा:
टॅक्सीची आयडिया मान्य. पण मग मल्लामोरचा डोंगर पण करा, कोरोफिन गावाहून बर्रेन नॅशनल पार्कला उन्हाळ्यात फुकट शटल असते. 1990 च्या दशकात तिथे सरकार मोठं व्हिजिटर सेंटर बांधत होतं, लोकांनी कोर्टात जाऊन, भांडून थांबवलं, म्हणून आज तिथे पार्किंग नाही, कॅफे नाही, काही नाही.

बर्रेनमधला_बाब्या:
आईंच्या गुडघ्यांना मल्लामोर नको हो, आणि बॅलिव्हॉनहून कोरोफिन दुसऱ्या टोकाला पडतं. बाबा एकटे जाणार असतील तर ठीक.

लिफीकाठचा:
मंडळी, मनापासून आभार. बाबांना लायसन्सचं सांगितलं तर ते फोनवरच खूश, आईने लगेच व्हेटो टाकला. टॅक्सीच करतो. एक शेवटचं, शनिवार-रविवार जावं की मधल्या वारी? आणि मोहरला कड्यावरून डूलिनपर्यंत चालत येणं बाबांना जमेल का?

बर्रेनमधला_बाब्या:
मधल्या वारी जा, बी अँड बी पण स्वस्त पडतं. कड्यावरच्या पायवाटेचे काही भाग सुरक्षेसाठी बंद ठेवलेत, निघायच्या दिवशी क्लिफ्सच्या साइटवर बघा आणि बंद लिहिलं असेल तिथे घुसू नका, 214 मीटरचा कडा आहे आणि वारा कुणाचं ऐकत नाही. व्हिजिटर सेंटरपासून बांधलेल्या वाटेवर दोन्ही बाजूंना थोडं थोडं चाला, आईंनाही जमेल. परत येताना शेवटची 350 किती वाजता हे सकाळीच बघून ठेवा, आणि वीकेंडला गेलातच तर रविवारचं टाइमटेबल वेगळं असतं.